गार असताना अर्ध्या सेल्फला, गरम झाली की धक्क्याला: एका जुन्या ट्रकच्या गरम स्टार्टिंगचं प्रकरण

ट्रक निफाड तालुक्यातला. चार सिलिंडर, टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शन, रोटरी डिझेल पंप (सिलिंडरांना दाबाने डिझेल देणारा), १२ व्होल्टची एक बॅटरी. वय वीस वर्षांच्या पुढे. काम ठरलेलं: लासलगावच्या खळ्यांवर कांदा भरायचा, कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटला खाली करायचा आणि मिळेल तो माल घेऊन, नाहीतर रिकामंच, घाट चढून परत यायचं.

तक्रार मालकांनी एका वाक्यात सांगितली होती, "गरम झाली की चालू होत नाही." एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. म्हणून मी आधी ड्रायव्हरमामांना बसवलं आणि सगळं खोदून विचारलं. त्यातून कळलेलं चित्र असं. पहाटे गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते. दिवसभर पळवून बंद केली आणि लगेच दोन-तीन मिनिटांत चावी फिरवली, तरी कुरकुरत का होईना, घेते. पण जेवायला अर्धा-पाऊण तास थांबलं, की सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन पकडतच नाही. दोन-अडीच तास उभी ठेवली की परत काहीच झालं नाही अशा थाटात चालू. पावसाळ्यात त्रास जवळजवळ नाही, मार्चपासून वाढत जातो. मे महिन्यात वाशीला खाली करायच्या रांगेत तर मामा इंजिन बंदच करत नसत. ढाब्यावर थांबायचं तर उतार बघून. उतार नसेल तर गाडी चालूच, आणि जेवणाच्या ताटापेक्षा लक्ष टाकीच्या काट्याकडे.

"मामा, घेत नाही तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का?"

"नाही हो. कोरडाच फिरतो. धक्का मारला की मात्र पहिल्या झटक्याला घेते."

या दोन उत्तरांत निम्मं निदान होतं. धूर नाही, आणि धक्क्याला लगेच. पण दुसऱ्या उत्तराचा अर्थ आधीच्या गॅरेजमध्ये वेगळा लावला गेला होता. सेल्फवर चालू होत नाही आणि धक्क्यावर होते, म्हणजे सेल्फच कमजोर, असं धरून आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला. फरक पडला, पण तो मुख्यतः तेव्हा पाऊस सुरू झाला होता म्हणून. उन्हाळ्यात दुखणं परत आलं तेव्हा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर आणि डिझेलच्या नळ्या बदलल्या. एकदा मुख्य डिझेल पंप काढून पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडेही नेला होता. त्याने मशीनवर लावून "पंप ओके" म्हणून परत दिला. हा पंप ओके असल्याचा शिक्का पुढे सगळ्यांनी गृहीत धरला, आणि गुंता तिथे वाढला.

गरम डिझेल इंजिन खरं तर सोपं सुरू व्हायला हवं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेईल. सिलिंडरच्या भिंती, पिस्टन, हेड आधीच गरम असले तर ही तापलेली हवा आपली उष्णता कमी गमावते. म्हणून गार इंजिन अवघड आणि गरम इंजिन सोपं, हा डिझेलचा स्वभाव. उलटं होत असेल तर इंजिनाचा जळण्याचा भाग बहुतेक ठीक आहे आणि उष्णतेने दुबळं होणारं दुसरं काहीतरी आडवं येतंय.

या ट्रकच्या बाबतीत हे आणखी ठामपणे म्हणता येत होतं. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, जानेवारीत काही पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली जातो. ज्या गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) गेलंय ती निफाडच्या जानेवारीत अर्ध्या सेल्फला चालू होणार नाही. "हाफ इंजिन करून टाका", म्हणजे पिस्टन-रिंगा वगैरे बदला, असा सल्ला मालकांना मिळाला होता, तो मी याच कारणासाठी पहिल्या दिवशी बाजूला ठेवायला सांगितला. अपवाद एकच धरला: टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ज्यांत थोडी फट ठेवलेली असते) फार घट्ट असतील तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत आणि फक्त गरम असताना कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट गेजने बघितले. मापात होते.

मग उष्णतेने दुबळं काय होतं? करंट आणि डिझेल, एवढीच दोन उत्तरं.

बिघडलेली असतानाच तपासायची

आधीच्या सगळ्या तपासण्यांमध्ये एक गोष्ट समान होती. गाडी संध्याकाळी गॅरेजला लागायची आणि मेकॅनिक सकाळी हात लावायचे. म्हणजे जेव्हा जेव्हा मीटर लागला, तेव्हा तेव्हा गाडी निरोगी होती. निरोगी अवस्थेतलं माप चांगलंच येणार.

मी मामांना सांगितलं की गाडी दुपारी आणा, इगतपुरीपर्यंत जाऊन या, आणि आत आल्यावर बॉनेट उघडू नका. बंद करा आणि चहा घ्या. इंजिन बंद केल्यावर लगेच गार व्हायला लागतं अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. प्रत्यक्षात पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पंपातून वाहणारं डिझेलही थांबतं, आणि ब्लॉकमधली साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरत राहते. ब्लॉकला चिकटून बसलेला पंप बंद केल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं तापतच जातो. मामांच्या तक्रारीतली वेळ याच्याशी तंतोतंत जुळत होती: लगेच घेते, पाऊण तासाने घेत नाही, दोन-अडीच तासांनी घेते. सेल्फ गाडीखाली, सायलेन्सरच्या पाइपाजवळ. तोही याच काळात सगळ्यात गरम असतो. त्यामुळे वेळेवरून दोन संशयितांपैकी एक निवडता येत नव्हता.

आधी करंटचा हिशेब. क्रँक पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून टॅकोमीटरने फेरे मोजले. गार असताना आणि गरम असताना दोन्ही वेळा मिनिटाला दोनशेच्या आसपास. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर १० व्होल्टच्या वर, गरम असतानाही. मग जाड तारेचं माप: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घट, अर्थिंगच्या (निगेटिव्हच्या) बाजूला त्याहून कमी. म्हणजे सेल्फ, बॅटरी, तारा, अर्थ, सगळं सुटलं. सेल्फ नुसता "जोरात फिरतोय" असं कानाने म्हणणं आणि फेरे मोजून म्हणणं यात फार फरक आहे. कान दीडशे आणि दोनशेतला फरक सांगत नाही, आणि डिझेलला तोच फरक लागतो.

करंटचा दुसरा ग्राहक म्हणजे पंपावरचा स्टॉप सॉलिनॉइड, जो चावी लावल्यावर डिझेलची वाट उघडतो. याकडे दुर्लक्ष होतं. आतली गुंडाळी तांब्याची, आणि तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. ३० अंशांवरची गुंडाळी ९० ला गेली की विरोध जवळपास २४ टक्क्यांनी वाढतो, करंट सुमारे एक-पंचमांशाने कमी होतो आणि ओढ ढिली पडते. त्यात चावीच्या स्विचचा काँटॅक्ट जळका असेल आणि सेल्फ मारताना सॉलिनॉइडला आठच व्होल्ट मिळत असतील, तर गरम असताना तो उघडणार नाही, गार असताना उघडेल. अगदी याच तक्रारीसारखी तक्रार. म्हणून बॅटरीवरून थेट वायर सॉलिनॉइडला दिली. टक् असा आवाज स्पष्ट आला. सेल्फ मारला. इंजिन घेतलं नाही. सॉलिनॉइड सुटला.

उरलं डिझेल.

डिझेल कुठपर्यंत येतं

पंपाच्या इनलेटला आणि रिटर्नला (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या वाटेला) पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. हवा घेत असेल तर बुडबुडे दिसतात. रिटर्नला एखादा-दुसरा दिसला, इनलेटला नाही. तेवढ्यावर समाधान न मानता टाकी, नळ्या, फीड पंप आणि फिल्टर हे सगळंच एका फटक्यात वगळायचं ठरवलं: पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून ते पंपापेक्षा उंच टांगलं आणि नव्या छोट्या नळीने सरळ पंपाला दिलं. गाडी गरम करून परत उभी केली. तीच तक्रार. म्हणजे टाकीपासून पंपाच्या तोंडापर्यंतची सगळी वाट निर्दोष होती. नव्या नळ्या, नवा फिल्टर, नवा फीड पंप यांवर झालेला खर्च या एका कॅनने वाचला असता.

बँजो बोल्ट (नळी पंपाला जोडणारे पोकळ बोल्ट) बघून घेतले. या जातीच्या पंपात रिटर्नच्या बोल्टला आतून अगदी बारीक छिद्र असतं, त्यावर पंपाच्या आतला दाब टिकतो. इनलेटचा बोल्ट मोकळ्या छिद्राचा. काढताना-लावताना दोघांची अदलाबदल झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. या गाडीत बोल्ट जागच्या जागी होते.

मग नोझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडचे) पाइपाचे नट दीड फेरा सैल करून सेल्फ मारला. गार असताना प्रत्येक नटाशी डिझेल उसळून येत होतं. गरम असताना नुसतं झिरपत होतं, एका सिलिंडरला तर ओल धरण्यापुरतं. धूर नसण्याचं कारण हेच: जळायला काही पोचतच नव्हतं. (हे करताना डोळ्यांना चष्मा आणि हात दूर. सैल नटाशी दाब उतरलेला असतो, पण चालू इंजिनच्या नोझलच्या तोंडाशी किंवा फुटलेल्या पाइपाशी हात नेला तर डिझेल कातडीत घुसतं. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हाताचं वाटोळं होतं. असं झालं तर वेळ न घालवता इस्पितळ.)

आता संशय पंपावर पक्का होता, पण मालकांना खर्च सांगायचा तर पुरावाही पक्का हवा होता. त्यासाठी ओल्या फडक्याची परीक्षा. गाडी चालू होत नाही अशा गरम अवस्थेत पंपाच्या मागच्या बाजूला, जिथे पंपाचं हेड (डिझेल दाबणारा भाग) आणि चारही पाइप असतात तिथे, गार पाण्यात भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं आणि ते ओलं ठेवत राहिलो. दहा-बारा मिनिटांनी पहिल्याच सेल्फला गाडी चालू.

इथे एक शंका रास्त आहे: फडक्याने नव्हे, तेवढा वेळ गेल्याने चालू झाली असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढीच गाडी पळवून, तेवढाच वेळ, फडक्याशिवाय उभी केली. घेतली नाही. लगेच फडकं लावलं, घेतली. बाकीचं इंजिन, सेल्फ, सॉलिनॉइडची वायर, सगळं तितकंच गरम. बदललं ते फक्त पंपाच्या हेडचं तापमान. कॉम्प्रेशन मोजायला नोझल काढायची गरज इथेच संपली.

बरेच ड्रायव्हर पंपावर बाटलीभर पाणी ओततात आणि काम भागवतात. मी ते करू नका असं सांगतो. आतला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी पडलं तर बाहेरचं घर आधी आकसतं आणि आतला प्लंजर अजून फुगलेलाच असतो, मग पंप जाम होऊ शकतो. फडकं सावकाश गार करतं.

पंप ओके होता, मग असं का?

रोटरी पंपात एकच प्लंजर फिरता-फिरता पुढे-मागे होतो आणि चारही सिलिंडरांना आळीपाळीने डिझेल देतो. त्याला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. फट झिजून वाढली की दाबलेल्या डिझेलचा काही भाग नोझलकडे न जाता प्लंजरच्या कडेने मागे निसटतो. ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. शिवाय डिझेल जितकं पातळ तितकी गळती जास्त. आपल्या डिझेलचं मानक ४० अंशांवर २ ते ४.५ सेंटीस्टोक घट्टपणा मागतं. ८० अंशांवर तेच डिझेल साधारण निम्म्याने पातळ होतं, म्हणजे त्याच फटीतून दुप्पट निसटतं.

आणि वेग. सायकलचा वायसर झिजलेला पंप हळू दाबला तर हवा बाजूने जाते, झपाट्याने दाबला तर ट्यूबमध्ये जाते. सेल्फवर इंजिन दोनशे फेऱ्यांनी फिरतं, पंप त्याच्या निम्म्याने, शंभराने. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन साडेसातशेच्या पुढे. म्हणजे सेल्फवर प्रत्येक दाबाला निसटून जायला जवळपास चौपट वेळ मिळतो. म्हणून गाडी एकदा चालू झाली की दिवसभर पळते, म्हणून धक्क्याला लगेच घेते, आणि म्हणून नवा, जरा तेज सेल्फ लावल्यावर थोडं बरं वाटलं. धक्क्याने सेल्फ दोषी ठरत नाही. वेग वाढला की झिजलेला पंपही तात्पुरता सुधारतो. या गाडीची दिशा चुकली ती या एका मुद्द्यावर.

मशीनवर पंप ओके का दिसला, तेही यातूनच उलगडतं. कॅलिब्रेशनच्या मशीनवर टेस्ट ऑइल साधारण ४० अंशांना राखलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी घाईत हजार-बाराशे फेऱ्यांवरचं डिझेल मोजून पंप परत देतात. त्या वेगाला, त्या तापमानाला हा पंप ओकेच असणार. यावेळी मी पंपासोबत स्वतः गेलो आणि शंभर फेऱ्यांवरची स्टार्टिंग डिलिव्हरी मोजायला सांगितली. कंपनीच्या तक्त्यापेक्षा ती बरीच कमी भरली, आणि चार लाइनींमध्ये एकसारखीही नव्हती. टेस्ट ऑइल गरम होऊ दिल्यावर आणखी खाली गेली. पंपवाल्याने वाद न घालता हेड उघडलं. प्लंजरवर उभ्या ओरखड्यांच्या रेषा आणि एका बाजूला तपकिरी डाग. तो डाग पाण्याचा.

पाणी कुठून आलं हे मालकांशी बोलताना कळलं. हंगामात डिझेल स्वस्त पडावं म्हणून ते बॅरलमध्ये भरून शेडबाहेर ठेवत. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि दिवसा-रात्रीच्या तापण्या-निवण्याने बुचातून आत ओढलं जातं. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू कधी उघडला होता हे कोणालाच आठवत नव्हतं. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या १० पीपीएम गंधकाच्या डिझेलने जुने पंप खाल्ले, असं आमच्या धंद्यात सर्रास बोलतात. गंधक काढताना डिझेलची नैसर्गिक वंगणशक्ती घटते हे खरं आहे, पण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलला वंगणशक्तीचीही मर्यादा पाळावी लागते आणि त्यासाठी त्यात द्रव्य मिसळलेलं असतं. या प्लंजरवरचा डाग पाण्याचा होता, गंधकाच्या अभावाचा नव्हता.

काय केलं, काय टाळलं

नवं हेड-प्लंजर जोडीने बसवलं. ही जोडी कारखान्यात एकमेकांशी घासून जुळवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या हेडमध्ये घालायचा नाही. वापरलेलं हेड निम्म्या भावात मिळत होतं, ते मी घेऊ दिलं नाही. ते कोणत्या गाडीतून कशासाठी निघालं, हे कुणी सांगत नाही. सील किट, नोझल तपासणी (ज्या सिलिंडरला ओलच येत होती त्याचं नोझल टपकत होतं, तेही बदललं), मग टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) डायल गेजने लावलं.

पंपावरचा डिझेलचा स्क्रू वाढवून देण्याची सूचना आली होती. त्याने स्टार्टिंगला थोडं जास्त डिझेल मिळतं आणि काही महिने निघतात, पण घाटात काळा धूर, तापणारं इंजिन आणि वाढलेलं डिझेल मालकाच्या माथी. टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल मिसळायचा उपायही विचारला गेला. वंगणाला त्याने मदत होईल, पण झिजलेली फट भरून येणार नाही. आणि एअर फिल्टरवर पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करण्याची जी सवय मामांना कुणीतरी लावली होती, ती मी हात जोडून बंद करायला सांगितली. त्या स्फोटाने पिस्टनच्या रिंगा तुटतात.

गाडी त्याच दुपारी घाट चढून आली, पाऊण तास उन्हात बॉनेट बंद करून उभी राहिली आणि अर्ध्या सेल्फला घेतली. हीच परीक्षा मी ऐन मे महिन्यात परत करायला सांगितली होती. मामांनी वाशीच्या रांगेतूनच फोन केला, गाडी बंद करून बसलोय म्हणाले. फिल्टरचं पाणी आता दर सोमवारी निघतं आणि बॅरल आडवं, शेडच्या आत आहे. काढून टाकलेला जुना सेल्फ तपासला तर उत्तम निघाला. तो सुटा भाग म्हणून मालकांच्या घरी आहे.

हीच तक्रार दुसऱ्या गाडीत असेल आणि ओल्या फडक्याने फरक पडला नाही, तर पंप उघडू नका. फेरे गरम असताना उतरत असतील तर सेल्फची बुशिंग आणि कार्बन (करंट देणारे ब्रश) बघा. फेरे चांगले, धूर भरपूर आणि तरी घेत नसेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: तिथे टॅपेट, नोझलचा फवारा आणि मग गरम इंजिनवर कॉम्प्रेशन गेज. कॅनवर टाकल्यावर चालू होत असेल तर पंपाच्या अलीकडची प्रत्येक नळी आणि तांब्याचा प्रत्येक वॉशर तपासा, नळी बाहेरून कोरडी दिसत असली तरी. डिझेल बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते.